‘इन प्रोग्रेस’च्या मागे काय होतं: एका पीआर फाइलचं प्रकरण

ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा. मावसभावाचा रात्री साडेदहाला फोन, "ताई, पीआरचा अर्ज टाकून सहा महिने उलटून गेले, अजून इन प्रोग्रेसच दाखवतंय, आणि नोव्हेंबरमध्ये माझं परमिट संपतंय." आवाजावरूनच कळलं की बरेच दिवस झोप नाही. मी कॅनडात आहे त्याला आता बरीच वर्षं झाली, माझं स्वतःचं पीआर (म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा हक्क), नवऱ्याचं, मग मैत्रिणींचे अर्ज, असं करत करत इथल्या इमिग्रेशन खात्याची भाषा मला थोडीफार वाचता यायला लागलीय, म्हणून घरातलं कोणीही अडकलं की फोन माझ्याकडे येतो. हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण यातली चूक अगदी साधी होती आणि तीच चूक करून बसलेले अजून कितीतरी जण असणार याची मला खात्री आहे.

आधी पार्श्वभूमी. मावसभाऊ २०१९ ला शिकायला आला, २०२१ ला कोर्स संपला, मग तीन वर्षांचं पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळालं जे २१ नोव्हेंबर २०२४ ला संपणार होतं. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं, साधारणपणे वाढवून मिळत नाही, त्यामुळे त्या तारखेला घरात सगळे जण लग्नाच्या मुहूर्तासारखे धरून बसले होते. किचनर शहरात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, बायको सोबत. एक्सप्रेस एंट्रीमधून (गुणांवर निवड करणारी पीआरची पद्धत) कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासखाली, म्हणजे कॅनडातल्या नोकरीच्या अनुभवावर, अर्ज करायचं इन्व्हिटेशन आलं, इन्व्हिटेशन आल्यावर अर्ज भरायला ६० दिवस असतात, त्यातल्या पंधरा दिवसांतच त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज टाकला. तेव्हा फी माणशी ८५० प्रोसेसिंगची आणि ५१५ पीआरच्या हक्काची, म्हणजे दोघांचे मिळून २,७३० डॉलर, शिवाय बायोमेट्रिकचे वेगळे. (३० एप्रिल २०२४ पासून ती ९५० आणि ५७५ झाली, त्याने आधी भरली म्हणून वाचला.) अर्ज गेला त्याच दिवशी एओआर म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच आली. मार्चमध्ये दोघांची मेडिकल झाली. बोटांचे ठसे झाले. इथपर्यंत सगळं सुरळीत.

आता मी त्याला पहिला प्रश्न विचारला, जो मी सगळ्यांना विचारते. "तू स्टेटस कुठे बघतोस?"

तर म्हणाला, "काका स्क्रीनशॉट पाठवतात."

मी म्हणलं कोण काका?

इथे सगळी गोम होती. ओळखीतले एक काका आहेत, ते "पीआरचं काम करतात". लायसन्स आहे का हे कोणी विचारलं नाही, कारण ओळखीतले. त्यांनीच अकाउंट उघडलं, स्वतःच्या ईमेलवर, पासवर्ड त्यांच्याकडे, सिक्युरिटी प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे, आणि अर्जात मात्र प्रतिनिधी म्हणून त्यांचं नाव कुठेच नाही, जणू काही अर्ज भावाने स्वतःच बसून भरलाय. भाऊ दर सोमवारी व्हॉट्सॲपवर "काका काही अपडेट?" विचारायचा आणि काका एका ओळीचा स्क्रीनशॉट टाकायचे. ती ओळ कापून घेतलेली असायची, वर काय आणि खाली काय ते दिसायचंच नाही. जूनपर्यंत तर नियमित यायचे, मग "सगळीकडे असंच आहे, धीर धर" असं यायला लागलं.

नंतर जुलैमध्ये त्याने स्वतः स्टेटस ट्रॅकरवर अकाउंट काढलं. हे आयआरसीसीचं, म्हणजे इमिग्रेशन खात्याचं, वेगळं साधन आहे, मुख्य अकाउंटपेक्षा निराळं, त्यात तुमचा यूसीआय नंबर (खात्याने प्रत्येक माणसाला दिलेला ओळख क्रमांक) आणि अर्जाचा नंबर टाकून खातं उघडता येतं. यूसीआय त्याच्या जुन्या स्टडी परमिटवर होता, अर्जाचा ई पासून सुरू होणारा नंबर एका स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात सापडला. तेव्हापासून तो रोज सकाळी उठल्या उठल्या ट्रॅकर उघडायचा, लंच ब्रेकमध्ये उघडायचा, रात्री झोपताना उघडायचा. त्यात मेडिकल पूर्ण, बायोमेट्रिक पूर्ण, एलिजिबिलिटी (पात्रता) इन प्रोग्रेस, बॅकग्राउंड चेक इन प्रोग्रेस. याच चार ओळी दोन महिने. ट्रॅकरवर फाइल कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं, पण अधिकाऱ्याने पाठवलेलं पत्र वाचायचं आणि त्याला उत्तर द्यायचं ते मुख्य अकाउंटमध्ये, आणि ते अकाउंट काकांकडे.

मला तेव्हाच पाल चुकचुकली, पण खात्रीशिवाय कोणावर बोट ठेवणं बरोबर नाही म्हणून गप्प बसले. त्याला एवढंच सांगितलं की एलिजिबिलिटी इन प्रोग्रेस याचे किमान तीन अर्थ होऊ शकतात. एक, अजून कोणी अधिकाऱ्याने फाइल उघडलेलीच नाही. दोन, उघडली, बघतोय. तीन, उघडली, काहीतरी कमी निघालं, तुमच्याकडे मागितलं आणि आता तो तुमची वाट बघतोय. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात.

आणि सहा महिन्यांचं पण नीट समजून घ्यायला हवं, लोक फार चुकीचं धरून चालतात. एक्सप्रेस एंट्रीचं सेवा मानक सहा महिन्यांचं आहे ते १०० पैकी ८० अर्जांसाठी. म्हणजे उरलेल्या २० जणांना जास्त लागू शकतं हे त्यातच लिहिलेलं आहे. शिवाय तुमच्याकडून काही मागितलं असेल तर तो वेळ तुमच्याच अंगावर जातो. त्यामुळे १८० वा दिवस उलटला म्हणून अन्याय झाला असं लगेच धरू नये, पण १८० वा दिवस उलटला की फाइलच्या आत बघायची वेळ आली असं मात्र नक्की धरावं.

दरम्यान भावाने आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. हेल्पलाइनला तीनदा फोन, तासभर होल्ड, पलीकडून शांतपणे सांगितलं की अर्ज प्रक्रियेत आहे. फोनवरच्या माणसाला वैतागून उपयोग नसतो, निर्णय त्याच्या हातात नसतो. खात्याच्या साइटवरच्या वेबफॉर्मवरून चार मेसेज, चारहीमध्ये "प्लीज अपडेट द्या, माझं परमिट संपतंय". चारही वेळा ठराविक उत्तर. मला विचाराल तर तेही साहजिक आहे, प्रश्नच मोघम होता.

मग मी म्हणलं आता जीसीएमएस नोट्स मागवायच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. आयआरसीसीचे अधिकारी ज्या सिस्टिममध्ये काम करतात तिचं नाव जीसीएमएस. तुमच्या फाइलवर कोणी काय टिपण केलं, कुठलं पत्र कधी गेलं, कुठला टप्पा पास झाला, सगळं त्यात असतं. आणि ते मागण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे. माहिती मिळवण्याच्या कायद्याखाली अर्ज केला तर फी ५ डॉलर, प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःचीच माहिती मागितली तर फी नाही. मुदत ३० दिवसांची, कधी लांबते. पूर्वी यासाठी कॅनडात हजर असावं लागायचं किंवा इथल्या कोणाकडून तरी करून घ्यावं लागायचं, पण जुलै २०२२ पासून बाहेर देशात बसलेला माणूससुद्धा प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःची फाइल मागू शकतो, त्यामुळे पुण्यात नाहीतर नागपुरात बसून वाट बघणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. काही जण या नोट्स काढून देण्याचे ५०-१०० डॉलर घेतात. गरज नाही, फॉर्म साधा आहे, वीस मिनिटांचं काम आहे.

२ सप्टेंबरला त्याने माझ्यासमोर बसून अर्ज टाकला. त्यात मी त्याला एक गोष्ट मुद्दाम लिहायला लावली, की नुसत्या नोट्स नकोत, मला पाठवलेल्या सगळ्या पत्रांच्या प्रतीही हव्यात. ते लिहिलं म्हणून पुढे फार सोपं गेलं.

हे ३० दिवस कसे काढले ते त्या दोघांनाच ठाऊक. माझी भावजय मला एकदा म्हणाली, "ताई, घरात आम्ही दुसरं काही बोलतच नाही हो, पाहुणे आले तरी तेच, भांडण झालं तरी तेच." दिवाळीला घरी जायचं म्हणून तिकिटं बघून ठेवलेली, ती काढली नाहीत. लोक म्हणतात पीआर म्हणजे एक कार्ड, पण वाट बघणाऱ्या घरात नवीन गाडी, नोकरी बदलणं, मूल होऊ देणं, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जाणं, सगळंच त्या एका ओळीवर टांगून असतं.

याच काळात त्याच्या ऑफिसमधल्या एकाने सांगितलं म्हणून तो स्थानिक खासदाराच्या ऑफिसमध्येही जाऊन आला. चांगला मार्ग आहे, फुकट आहे, सही केलेलं संमतीपत्र घेतात आणि मग त्यांचे लोक खात्याकडे चौकशी करतात. आठवड्याभरात त्यांचं उत्तर आलं की एलिजिबिलिटीचा आढावा बाकी आहे आणि अर्जदाराकडून कागद येणं बाकी दिसतंय. शेवटचे हे शब्द भावाने वाचले पण त्याला वाटलं हेही ठराविकच वाक्य असेल, मला त्याने ते सांगितलंच नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

पीडीएफ आली ती रात्र

४ ऑक्टोबरला पीडीएफ आली. साठ-सत्तर पानं. तो आणि भावजय माझ्याकडेच आले, लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवला, चहा झाला, आणि वाचायला घेतलं.

पहिल्यांदा बघणारा माणूस या पीडीएफला घाबरतो. मध्ये मध्ये पांढरे चौकोन, त्यात कायद्याच्या कलमाचे आकडे लिहिलेले, म्हणजे तो मजकूर झाकलाय. भावजय लगेच म्हणाली, "हे काय लपवलंय आपल्याबद्दल?" तर तसं काही नसतं, त्यात बहुतेक वेळा अधिकाऱ्यांची माहिती किंवा तपासाच्या पद्धतीबद्दलचा मजकूर असतो, प्रत्येकाच्या नोट्समध्ये असे चौकोन येतात. मग भावाची नजर एका ओळीवर गेली, सिक्युरिटी: नॉट स्टार्टेड. चेहराच उतरला त्याचा. त्यालाही सांगितलं की ही ओळ बघून जीव टाकू नको, भरपूर फाइली ही ओळ अशीच असताना मंजूर होतात, कारण सीबीएसए (सीमा सुरक्षा खातं) आणि सीएसआयएसकडून (गुप्तचर संस्था) सखोल सुरक्षा तपासणी प्रत्येकाची होत नाही, अधिकाऱ्याला गरज वाटली तरच फाइल तिकडे जाते. क्रिमिनॅलिटी: पास्ड. मेडिकल: पास्ड. आणि एलिजिबिलिटी: रिव्ह्यू रिक्वायर्ड.

नोट्स वाचायची माझी पद्धत म्हणजे मी वरच्या रकान्यांत फार वेळ घालवत नाही, सरळ शेवटी जाते जिथे अधिकाऱ्यांची हाताने टाइप केलेली टिपणं असतात, आणि मग पत्रव्यवहाराची यादी. टिपणं तुटक असतात, अर्धी वाक्यं, संक्षेप. तर तिथे जूनच्या १८ तारखेचं टिपण होतं. मराठीत सांगायचं तर असं, की अर्जदाराचं सध्याच्या नोकरीचं पत्र बघितलं, त्यात कामाचं स्वरूप लिहिलेलं नाही, आठवड्याचे तास लिहिलेले नाहीत, सांगितलेल्या कामाच्या वर्गात हा अनुभव बसतो की नाही ठरवता येत नाही, म्हणून एडीआर (जादा कागदपत्रांची मागणी) पाठवलं. मुदत ३० दिवस. आणि त्याखाली बीएफ म्हणून पुढची तारीख टाकलेली. बीएफ म्हणजे त्या तारखेला फाइल परत समोर आणा. मग ऑगस्टमध्ये एक छोटं टिपण, उत्तर आलेलं नाही, पुन्हा बीएफ.

एडीआरचं ते पत्र १८ जूनला गेलं होतं. उत्तर १८ जुलैपर्यंत द्यायचं होतं. आणि आम्ही ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा त्याच्याबद्दल वाचत होतो.

भाऊ काही बोललाच नाही. दोन-तीन मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसला, मग उठून गॅलरीत गेला. भावजय रडायला लागली. मला स्वतःला राग आला होता पण भीती जास्त वाटत होती, कारण मुदतीत उत्तर नाही आलं तर अधिकारी हातात आहे त्याच कागदांवर निर्णय देऊ शकतो, आणि हातातल्या कागदांवर निर्णय म्हणजे इथे सरळ नकार. तो झाला नव्हता. दुसऱ्यांदा बीएफ टाकणाऱ्या त्या अधिकाऱ्याचे आम्ही सगळे आजही मनापासून आभारी आहोत.

काकांना रात्रीच फोन लावला. त्यांचं म्हणणं की इतकी अकाउंट्स असतात, इतक्या मेल येतात, स्पॅममध्ये गेली असेल. भावाला मी आधीच सांगून ठेवलं होतं की आता वाद नाही घालायचा, आपल्याला त्यांच्याकडून दोनच गोष्टी पाहिजेत, युजरनेम-पासवर्ड आणि त्या प्रश्नांची उत्तरं. "काका, झालं ते झालं, मला फक्त लॉगिन द्या" एवढंच तो म्हणत राहिला. अर्ध्या तासाने दिलं. नसतं दिलं तरी मार्ग होता, स्वतःचं नवीन अकाउंट काढून अर्जाच्या तपशिलावरून अर्ज त्याला जोडता येतो, पण वेळ गेला असता.

अकाउंट उघडलं. वर निळ्या पट्टीत न वाचलेले मेसेज. त्यात ते पत्र. आणि कागद अपलोड करायची जागा, मुदत कधीच उलटलेली असूनसुद्धा, अजून उघडी होती.

पुढच्या काही दिवसांत काय केलं

नोकरीचं पत्र आधी. फेब्रुवारीत लावलेलं पत्र मी बघितलं तर कंपनीच्या एचआरने दिलेलं एका परिच्छेदाचं होतं, अमुक माणूस अमुक तारखेपासून आमच्याकडे आहे, पद हे, पगार हा. बँकेला चालेल असं. पीआरला चालत नाही. त्यात काय काय लागतं ते आयआरसीसीने स्पष्ट लिहून ठेवलंय: कंपनीचं लेटरहेड, कंपनीचा पत्ता-फोन-ईमेल, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तुम्ही ज्या ज्या पदांवर होतात ती, प्रत्येकाच्या तारखा, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि इतर फायदे, आणि मुख्य म्हणजे तुम्ही रोज काय काम करता ते. हा शेवटचा मुद्दा एचआरवाले हमखास गाळतात. भावाने रविवारी बसून स्वतःच्या कामाचे आठ मुद्दे लिहिले, स्वतःच्या शब्दांत, यादीतून कॉपी-पेस्ट न करता, कारण सरकारी वर्गीकरणातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली की अधिकाऱ्याला संशय येतो. मॅनेजरला खरी अडचण सांगितली. सोमवारी दुपारी सही झालेलं पत्र हातात. भला माणूस.

त्याच्या जोडीला दोन वर्षांचे टी-४ (कंपनी देते ती वर्षाच्या पगाराची स्लिप), नोटीस ऑफ असेसमेंट (कर खात्याचं पत्र) आणि शेवटच्या सहा पगारांच्या स्लिपा. मागितल्या नव्हत्या, पण पत्रातले तास आणि पगार त्यांच्याशी जुळतात हे अधिकाऱ्याला एका बैठकीत दिसावं म्हणून लावल्या.

मग खुलासा. यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. भावाचं म्हणणं, आजारी होतो म्हणून लिहूया. मी साफ नाही म्हणलं. इथे खोटी माहिती देणं पकडलं गेलं तर पाच वर्षं कॅनडाचे दरवाजे बंद होतात, आणि ते सोडलं तरी खरं कारण पुरेसं समजण्यासारखं होतं. शेवटी खुलासा एका पानाचा झाला. अकाउंट मी एका ओळखीच्या व्यक्तीच्या मदतीने उघडलं, तिचा ईमेल त्यात होता, ती व्यक्ती अधिकृत प्रतिनिधी नाही, मी तिची नोंद केली नाही ही माझी चूक, १८ जूनचं पत्र मला ४ ऑक्टोबरला माझ्या फाइलच्या नोट्समधून कळलं, मागितलेले कागद सोबत आहेत, यापुढे माझा ईमेल हा. बस्स. रडगाणं नाही, परमिटची कहाणी नाही, विनवण्या नाहीत.

हे सगळं एका पीडीएफमध्ये जोडून अपलोडच्या जागेत टाकलं आणि तेच वेबफॉर्मवरूनही पाठवलं. आधीचे चार वेबफॉर्म आणि हा पाचवा यातला फरक मी त्याला शेजारी शेजारी ठेवून दाखवला. पाचव्यात पहिल्याच ओळीत यूसीआय आणि अर्जाचा नंबर, दुसऱ्या ओळीत कुठल्या तारखेच्या कुठल्या पत्राचं उत्तर आहे ते, तिसऱ्यात सोबत काय जोडलंय, संपलं. वाचणाऱ्या माणसाला हे कुठल्या फाइलला लावायचं ते दहा सेकंदांत कळायला हवं.

ईमेल बदलला, पासवर्ड बदलला, सिक्युरिटीचे प्रश्न बदलले. भावजयने ते सगळं एका वहीत लिहून वही कपाटात पासपोर्टच्या फाइलशेजारी ठेवली.

आता परमिट. हा भाग लोक विसरतात आणि पीआरच्या काळजीत काम करायचा हक्कच घालवून बसतात. पीआरचा अर्ज पडून असताना परमिट संपत आलं तर ब्रिजिंग ओपन वर्क परमिट (मधल्या काळापुरतं कामाचं परमिट) मागता येतं, तेव्हा फी २५५ डॉलर होती. त्याला एओआरचं पत्र जोडावं लागतं, आणि तेही अर्थातच त्याच अकाउंटमध्ये होतं, म्हणजे लॉगिन मिळालं नसतं तर हेही अडलं असतं. १४ ऑक्टोबरला तो अर्ज गेला, भावजयच्या परमिटचा वेगळा अर्जही सोबत. परमिट संपायच्या आत अर्ज केला की निर्णय येईपर्यंत आधीच्याच अटींवर काम चालू ठेवता येतं, याला मेन्टेन्ड स्टेटस म्हणतात. पण एक लक्षात घ्या, परमिट संपल्यानंतर या काळात देशाबाहेर गेलात तर परत आल्यावर नवीन परमिट हातात येईपर्यंत काम करता येत नाही. म्हणून दिवाळीची तिकिटं काढलीच नाहीत. एचआरने २२ नोव्हेंबरला विचारलंच की तुझं परमिट काल संपलं, मग? त्याने अर्जाची पोच आणि काम सुरू ठेवता येतं असं सांगणारं खात्याचं पत्र दाखवलं, विषय मिटला.

मेडिकलचंही एक घड्याळ चालू होतं. मेडिकल १२ महिने चालते, म्हणजे मार्च २०२५ पर्यंत, त्यापुढे प्रकरण गेलं असतं तर पुन्हा करायला सांगू शकले असते. आम्ही कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केला होता.

काकांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं की तक्रार का नाही केली. तो भावाचा निर्णय आहे, मी त्यात पडत नाही. पण वस्तुस्थिती सांगते. कॅनडात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा किंवा अर्ज भरण्याचा अधिकार कोणाला आहे हे कायद्यात लिहिलंय: प्रांताच्या लॉ सोसायटीचे सदस्य (वकील, पॅरालीगल), क्युबेकचे नोटरी, आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे सदस्य. हे कॉलेज नोव्हेंबर २०२१ पासून कामाला लागलं आणि त्याच्या सदस्यांची यादी कोणालाही ऑनलाइन बघता येते, नाव टाकलं की लायसन्स चालू आहे का ते दिसतं. तुम्ही कोणाला पैसे देऊन काम करून घेत असाल तर त्याचं नाव प्रतिनिधीच्या फॉर्ममध्ये टाकावंच लागतं. आणि "नाव टाकायला नको, तुमचाच अर्ज दाखवू" असं जो कोणी म्हणेल, मग तो कितीही ओळखीतला, कितीही गोड बोलणारा असो, तिथून उठून यावं. लायसन्सवाल्या माणसाकडून काम करून घेतलंत तरीही आलेल्या प्रत्येक पत्राची प्रत मागून घ्यायला लाजू नका. फाइल तुमची आहे, नकार आला तर त्यांच्या नावावर येत नाही.

शेवट काय झाला

२६ नोव्हेंबरला ट्रॅकरवर एलिजिबिलिटी पूर्ण दिसली. फोन करून सांगितलं तेव्हा भाऊ नीट बोलूच शकत नव्हता. मग बॅकग्राउंड चेक तसाच महिनाभर. पण यावेळी तो रोज तीनदा उघडत नव्हता, आठवड्यातून एकदा, रविवारी, मुख्य अकाउंटमध्ये जाऊन मेसेजचा कप्पा बघायचा आणि बंद करायचा.

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात पहिली मेल आली, तुम्ही कॅनडात आहात का, पत्ता कळवा. ही मेल खरी की फसवणूक याबद्दल घरात खल झाला, तर खात्री करायची पद्धत अशी की पैसे मागितलेत का ते बघायचं, यात पैसे मागत नाहीत, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता सरकारी आहे का ते अक्षर अक्षर बघायचं. उत्तर दिल्यावर काही दिवसांनी दुसरी मेल, पोर्टलचं लॉगिन. त्यात फोटो चढवले, आपण कॅनडातच आहोत असं जाहीर केलं. भावजयचा फोटो सावलीमुळे एकदा परत आला, खिडकीसमोर उभं करून पुन्हा काढला. २९ जानेवारीला दोघांचे ई-सीओपीआर (पीआर मिळाल्याचं ऑनलाइन प्रमाणपत्र) आले. पीआर झाले.

भावजयला लगेच पुण्याला जायचं होतं, सासूबाईंचं ऑपरेशन आधीच एकदा पुढे ढकललेलं. तिला थांबवलं, कारण सीओपीआर दाखवून विमानाने परत येता येत नाही, येताना एअरलाइन पीआर कार्ड मागते, ते नसेल तर तिथून प्रवासाचं वेगळं कागद काढावं लागतं. कार्डं मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाने आली. त्याच संध्याकाळी तिने तिकीट काढलं.